खडा लागत नाही म्हणून मी खूश होते

आधीच सांगते, मी भांडकुदळ बाई आहे. धाराशिवला एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, आणि परीक्षेच्या फॉर्मचे दिवस आले की पोरं माझी खिडकी सोडून शेजारच्या खिडकीत रांग लावतात. त्यामुळं हे वाचून कुणी हळहळायला लागलं तर मला आवडणार नाही. ज्यांना सध्या हेच झालंय आणि ज्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी लिहितेय. मला तेव्हा जे काही वाचायला मिळालं ते दवाखान्याच्या भिंतीवरच्या पोस्टरवर होतं. पोस्टरवरच्या माणसाला नवरा नसतो, मैत्रीण नसते, ऑफिस नसतं. नुसता आजार असतो.

मैदान

चाळिशीत धावायला लागले. कारण काही मोठं नव्हतं. मुलगी अकरावीला लातूरला होस्टेलवर गेली. मिस्टर ढोकीला साखर कारखान्यात आहेत. गाळपाचा हंगाम सुरू झाला की त्यांचा मुक्काम तिकडंच, आठवड्यातून एकदा घरी. सकाळी पाचला उठायची सवय होती, पण डबा कुणाचा करायचा? पंधरा दिवस नुसती चहा पीत गॅलरीत बसले आणि सोळाव्या दिवशी मुलीचे जुने बूट घालून मैदानावर गेले.

तिथं नसरीन भेटली. उर्दू शाळेत शिक्षिका, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, सलवार-कमीज, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ आणि पायात माझ्यापेक्षा कितीतरी चांगले बूट. पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं, मी उलट्या दिशेनं धावत होते म्हणून. दुसऱ्या दिवशी तिच्याच बाटलीतलं पाणी प्यायले. पुढची तीन वर्षं आम्ही आठवड्यातले चार दिवस सोबत धावलो. मंगळवारी वेगाचं, गुरुवारी निवांत, आणि रविवारी लांबचं. येडशीच्या रस्त्यानं रामलिंगाच्या घाटापर्यंत जायचं, चढ घ्यायचा आणि परत यायचं. त्या रस्त्यावर एकट्या बाईनं पहाटे धावावं अशी सोय नाही. दोघी असलो की कुणी बोलत नसे. सोलापूरला एकवीस किलोमीटर पूर्ण केले तेव्हा माझ्या मेडलचा फोटो मिस्टरांनी पाहिला आणि 'छान' म्हणाले. नसरीन मात्र माझ्या गळ्यात पडून रडली.

अनवाणी धावायचं खूळ माझंच. मोबाइलवर कुठंतरी पाहिलं. टाच आपटायची नाही, पाय पुढून टेकवायचा, पावलं लहान ठेवायची. शनिवारी मैदानाच्या मातीवर दोन फेऱ्या, मग चार, मग दहा. पहिल्या महिन्यात मुरमाचे खडे असे टोचायचे की मी मोठमोठ्यानं शिव्या द्यायचे. नसरीन म्हणायची, ''येडी झालीस का गं, बूट कशाला घेतले मग?'' तरी महिन्याभरानं तीही शेवटच्या दोन फेऱ्या बूट हातात घेऊन धावायला लागली.

वर्षभरात माझा डावा पाय एकदम तयार झाला. खडा लागेना, ऊन लागेना. उजवा मात्र अजून कुरकुर करायचा. मी त्याला आळशी म्हणायचे. त्याच्यासाठी घरी मुद्दाम परातीत खडी घालून त्यावर उभी राहायचे, डाव्यासारखा व्हावा म्हणून. आता हे लिहिताना स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

अष्टमी

आमच्याकडं नवरात्रात नऊ दिवस पायात काही न घालणाऱ्या बायका घरोघरी आहेत. मीही लग्न झाल्यापासून पाळते. ऑफिसला अनवाणी, बाजारात अनवाणी. त्या वर्षी डोक्यात आलं की अष्टमीला तुळजापूरला धावतच जायचं. सगळा रस्ता जमणार नव्हता, मध्येमध्ये चालायचं ठरवलं. नसरीन स्कूटीवर पाणी घेऊन मागं राहिली.

रस्ता पायी जाणाऱ्यांनी भरलेला होता. दिवस वर आला, डांबर तापलं. मी आपली चाललेय टपटप. बायका थांबून बघायच्या. एका म्हातारीनं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाली, देवी अंगात असल्याबिगर असं व्हत न्हाय. मला लाज वाटायला हवी होती. मी छाती काढून पुढं गेले.

तुळजापूर दिसायला लागलं तिथं नसरीननं हॉर्न वाजवून मला थांबवलं. म्हणाली, मागं रस्त्यावर लाल ठसे आहेत, एकाच पायाचे. मी कठड्यावर बसले. तिनं माझा डावा पाय मांडीवर घेतला. तळव्याच्या बाहेरच्या बाजूला हिरव्या बाटलीची काच घुसली होती, अंगठ्याच्या नखाएवढी. तिनं ती ओढून काढली, बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, स्वतःचा स्कार्फ सोडून बांधला. मी वाकून बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय आहे.

मी हसले. म्हटलं, बघितलंस का, कसा तयार झालाय तळवा.

ती हसली नाही. ''सुरेखा, हे बरं न्हाय. तुला दुखायला पायजे होतं.''

कापूस

आधी सगळ्यांना शुगर वाटली. शुगर चांगली निघाली. मग पायाची जखम भरेना म्हणून दिवाळीनंतर सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तरुण डॉक्टर होते. त्यांनी जखमेकडं कमी आणि पोटरीकडं जास्त पाहिलं. तिथं एक फिकट डाग होता, दोन वर्षांपासून. मला वाटायचं उन्हानं झालाय. त्यांनी गुडघ्याच्या मागं बोटांनी चाचपलं, बराच वेळ.

मग म्हणाले, डोळे मिटा, मी कापूस लावतो, जिथं लागेल तिथं बोट ठेवून दाखवा. मी डोळे मिटून बसले. उजव्या पायाला लागलं, दाखवलं. परत लागलं, दाखवलं. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर कुणाचं तरी लेकरू रडत होतं, नंबर पुकारत होते. मला वाटलं डॉक्टर फोन बघतायत. मी डोळे न उघडताच म्हणाले, ''डॉक्टर, डाव्याचं सुरू करा ना आता.''

''झालं, ताई,'' ते म्हणाले. ''पाच ठिकाणी लावला.''

मी डोळे उघडले तेव्हा त्यांचा हात माझ्या तळव्यावर होता. पेनाचं टोक टेकवलेलं होतं. ते दिसत होतं आणि लागत नव्हतं. तितकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, त्यांनी नंतर आजाराचं नाव सांगितलं तेव्हासुद्धा नाही.

कुष्ठरोग. बारा महिन्यांच्या गोळ्या, पूर्ण बरा होतो. नस सुजलीय, तिच्यासाठी वेगळी औषधं. गेलेली संवेदना परत येईल की नाही ते सांगता येत नाही. धावणं बंद. अनवाणी चालणं तर घरातसुद्धा बंद. हे सगळं त्यांनी शांतपणे, मला कळेल असं सांगितलं. मी मान हलवत होते आणि मनात एकच चाललेलं, की ही बया दीड वर्षं या पायाचं कौतुक करत हिंडत होती.

यादी

गोळ्या देणाऱ्या खोलीत एक पन्नाशीचे कर्मचारी होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी पहिला डोस स्वतःसमोर घ्यायला लावला, पानावरच्या पुढच्या गोळ्या दिवसाप्रमाणं कशा घ्यायच्या ते दाखवलं, आणि मग एक कागद पुढं ओढला. तुमच्या जवळची माणसं सांगा, म्हणाले. घरातली, आणि घराबाहेर ज्यांच्यासोबत रोजचं उठणं-बसणं आहे ती. त्यांची तपासणी करून एकदाच एक डोस द्यायचा असतो, म्हणजे त्यांना पुढं व्हायची शक्यता कमी होते.

मिस्टरांचं नाव सांगितलं. मुलीचं सांगितलं. मामांनी पेन तसंच धरून विचारलं, ''अजून? मैत्रीण, शेजारीण कुणी?''

तीन वर्षं एका बाटलीतलं पाणी. मांडीवर घेतलेला पाय. उघड्या हातांनी धुतलेलं रक्त.

''कुणी नाही,'' मी म्हणाले.

त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा जरा चिडूनच. मामांनी कागद फायलीत लावला.

का, ते मी स्वतःला शंभरदा विचारलंय. उत्तर साधं आहे. तिनं हात मागं घेतला तर? जगातल्या कुणाही माणसानं हात मागं घेतला असता तर मी त्याच्याशी भांडले असते. नसरीननं घेतला असता तर माझ्याजवळ भांडायलाही काही उरलं नसतं. म्हणून मीच आधी लांब झाले. फोनवर तिला सांगितलं की शीर दबलीय, डॉक्टरांनी वर्षभर धावायचं नाही म्हणून सांगितलंय. ती घरी येते म्हणाली. मी म्हटलं, नको, पाहुणे आहेत.

पाहुणे कसले, घरात मी आणि भिंती.

घर

मिस्टरांना रविवारी सांगितलं. ते जेवत होते. ''म्हणजे महारोग?'' एवढंच म्हणाले. मी म्हटलं, तसं म्हणू नका, बरा होतो. त्यांनी जेवण पूर्ण केलं, ताट स्वतः उचललं, घासलंही. लग्नाला वीस वर्षं झाली, पहिल्यांदा घासलं. दुसऱ्या दिवशी न कुरकुरता तपासून आले, डोस घेतला. मुलीला तिकडंच लातूरला दिला. वाईट ते वागले नाहीत, हे मी लिहून ठेवते. पण त्यांची पांघरुणं बाहेरच्या खोलीत गेली. सकाळी लवकर निघायचं असतं, तुझी झोपमोड नको, असं म्हणाले. मला पहाटे पाचला जाग येते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आणि जाताना एकदाच म्हणाले, ''कुणाला बोलू नको. पोरीचं व्हायचंय अजून.''

मी बोलले नाही. मला त्याचं आयतं कारणच मिळालं.

पहिल्या डोसनंतरच्या सकाळी लघवी लाल झाली. मामांनी सांगितलं होतं, गोळीमुळं होतं, घाबरू नका. पण त्या खोलीत मी ऐकलंच काय होतं? न्हाणीघराच्या दारात हातात फोन घेऊन उभी राहिले. नसरीनचं नाव वरच होतं. ते खाली सरकवलं. मग कुणालाच फोन केला नाही. साडी नेसले, ऑफिसला गेले, दिवसभर फॉर्मवर शिक्के मारले.

नसेच्या गोळ्यांनी चेहरा सुजला, दुसऱ्या गोळ्यांनी रंग काळवंडला. ऑफिसात म्हणायचे, मॅडम, लई उन्हात धावता वाटतं. मी व्हय म्हणायचे. सकाळी पाचला उठायचे, बूट दारात दिसायचे. कोमट पाण्यात पाय बुडवायचे, पुसायचे, तेल लावायचे, आरसा खाली धरून तळवा बघायचे. कुठं चिरलंय का, भाजलंय का. रोज दहा मिनिटं स्वतःच्या पायाकडं अशी बघत बसायचे. कधीकधी म्हणायचे, अरे काहीतरी बोल की. स्वतःचंच हसू यायचं.

महिन्यातला एक दिवस मात्र चांगला जायचा. गोळ्यांचं नवं पान आणायला गेलं की मामा पाय स्टुलावर ठेवायला सांगायचे आणि हातमोजे न घालता सगळीकडून दाबून बघायचे. बघता बघता त्यांच्या म्हशीच्या गोष्टी सांगायचे. म्हैस आटली, म्हैस व्याली. महिनाभरात मला दुसऱ्या माणसाचा हात लागायचा तो तेवढाच. त्या म्हशीची मी वाट बघायचे म्हणा ना.

नसरीन पहिले दोन महिने फोन करत राहिली. मग मेसेज. मग सणाला फक्त दोघींचं एकमेकींना मुबारक. एका रविवारी मी एसटीनं येडशीकडं जात होते आणि खिडकीतून ती दिसली, घाटाच्या अलीकडं. शाळेतल्या दोन तरुण बाया सोबत होत्या. चांगली धावत होती. पाय कसा टेकवायचा ते माझ्याकडूनच शिकली होती. मी मान खाली घातली.

जांभळं

आठव्या महिन्यात, शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात, स्टँडजवळ जांभळाच्या गाड्यावर ती समोरच आली. पळायला जागा नव्हती. ती रागावलेली होती, पण नसरीनला राग फार वेळ धरता येत नाही. पाय कसा आहे, चेहरा का असा झालाय, असं विचारलं. मी काहीबाही सांगितलं. मग ती जुन्यासारखी हसली आणि चप्पल काढून पाय पुढं केला.

''बघ, माझे बी तुझ्यासारखे झाले. आता खडा लागत न्हाय.''

माझ्या हातातली पुडी खाली पडली.

मी तिचा दंड धरला आणि स्टँडच्या मागं ओढत नेलं. ती अगं अगं करत होती. तिथल्या बाकड्यावर बसवलं, पर्समधून पेन काढलं, म्हटलं डोळे मीट. काय चाललंय, म्हणाली. मी ओरडले, मीट म्हणते ना. ऑफिसातला आवाज लागला. तिनं मिटले.

टाच. अंगठा. बाहेरची कड. मधला खळगा. प्रत्येक वेळी ती म्हणाली, लागलं. लागलं. गुदगुल्या होतात गं. दोन्ही पाय, पंधरा-वीस ठिकाणी. नुसता तळवा जाड झाला होता, बाकी काही नाही. मला रडू फुटलं. भर दुपारी, स्टँडच्या मागं, तिचा पाय हातात धरून.

मग सगळं सांगितलं. नाव, गोळ्या, कापूस, डोस. तिनं पाय मागं घेतला नाही. आठ महिने मी ज्याला घाबरले ते झालंच नाही. ती आजाराबद्दल काही विचारतच नव्हती. दुसरंच काहीतरी जुळवत होती.

''जवळच्या माणसांची नावं विचारली,'' ती सावकाश म्हणाली, ''आणि तू कुणी न्हाय म्हणालीस?''

''मी घाबरले गं.''

''माझ्या घरात दोन लेकरं हायत, सुरेखा. डोस होता. दवाखाना पाच मिनिटांवर हाय. तू आठ महिने मला मुबारक पाठवत बसलीस.''

तिनं चप्पल घातली आणि म्हणाली, उद्या सकाळी दवाखान्यात येते.

रजिस्टर

आली. वेळेवर आली. मी आधीच येऊन बाकावर बसले होते. ती माझ्या शेजारी न बसता उभी राहिली. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. लेकरांना पाहायला मामा संध्याकाळी घरी येणार होते. मामांनी रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, वय लिहिलं. मग पेन थांबवून सवयीनं विचारलं, ''पेशंटशी नातं काय लिहू?''

मी खाली बघत होते. खोलीत पंखा फिरत होता.

''ओळखीच्या,'' नसरीन म्हणाली. ''ओळखीच्या आहेत लिहा.''

मला ती अगं म्हणायची, येडी म्हणायची. आहेत कधीच म्हणाली नव्हती. मामांनी लिहिलं. तिनं गोळ्या घेतल्या, पाणी प्याली, स्कूटी काढली आणि शाळेला गेली.

माझे बारा महिने पूर्ण झाले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बऱ्या झालात. खरंच झाले. चेहऱ्याची सूज उतरली, रंग परत येतोय. तळव्याची आतली बाजू थोडी जागी झालीय. बाहेरची कड झाली नाही आणि होणार नाही. बूट घालून, आत हात फिरवून बघून, मैदानावर अर्धा तास धावायची परवानगी आहे. मिस्टरांची पांघरुणं आत आलीत, जाताना कारण सांगितलं होतं, येताना नाही. मैदानावर नसरीन दिसते. मान हलवते, मीही हलवते. ती तिच्या दोघींबरोबर घाटाकडं निघते आणि मी कुंपणाच्या आत गोल फिरते. दोनदा तिच्या घरी गेले. चहा दिला, कपबशी नवी काढली नाही, रोजचीच दिली. लेकरं कशी आहेत ते सांगितलं. रविवारी येऊ का, असं मी विचारलं नाही आणि ती ये म्हणाली नाही.

सल्ला द्यायचा मला काही अधिकार नाही. पण तुम्ही त्या खुर्चीत बसलात आणि कागद पुढं ओढून कुणी विचारलं की अजून कोण, तर जे नाव पहिल्यांदा ओठावर येईल ते सांगा. आणि त्याच दिवशी, घरी जाऊन चहा पिण्याच्या आधी, त्या माणसाकडं जा. तो हात मागं घेईल किंवा घेणार नाही. ते त्याला ठरवू द्या. मी नसरीनला ते ठरवूच दिलं नाही.